साहेबांचा मोडेमप्रवेश

साहेबांना उभ्या आयुष्यात कुणी "आत येता येणार नाही" असं म्हटलं नव्हतं. ते म्हणायचं काम त्यांच्याकडेच होतं. परवाना कार्यालयात खिडकीपासून सुरुवात करून ते खिडकीमागच्या केबिनपर्यंत पोहोचले आणि तिथूनच निवृत्त झाले. कुणाला दुकान उघडायचं असो, दुकानावर पाटी लावायची असो, नाहीतर लावलेली पाटी काढायची असो, साहेबांची सही झाल्याशिवाय भिंतीत खिळा जात नसे. निवृत्तीनंतर खुर्ची तिकडेच राहिली, पण "साहेब" हे नाव त्यांच्यामागे घरी आलं. बायकोसुद्धा शेजारणींशी बोलताना "आमचे साहेब" म्हणायची. म्हणताना थोडं हसायची, पण तेवढं साहेब कानाआड करत.

अशा माणसाला दोन शिंगांच्या एका पांढऱ्या डब्यानं दारात ताटकळत ठेवलं, त्याची ही हकीकत आहे.

प्रकरण तसं घरगुतीच. सूनबाई घरी बसून नोकरी करायची. सकाळी मागच्या खोलीत टेबलाशी कानाला यंत्र लावून बसली, की दिवसभर तिथून "माझा आवाज येतोय का?" एवढं एकच वाक्य ऐकू यायचं. बहुतेक वेळा येत नसायचा. ऐन मीटिंगमध्ये नेट जायचं, पडद्यावर तिचं तोंड अर्धं उघडं राहायचं, आणि कुठल्यातरी लांबच्या गावचे वरिष्ठ त्या अर्ध्या तोंडाकडे बघत बसायचे. मग ती वैतागून बाहेर येऊन सोफ्यावर टेकायची आणि सासू चहाचं आधण ठेवायची. एका रविवारी जेवताना मुलानं ताटातून नजर वर न करता सांगितलं, "बाबा, आम्ही भाड्यानं दुसरी जागा बघतोय. हिला इथं नेट पुरत नाही."

"बघा की," साहेब म्हणाले.

साहेबांच्या "बघा की"चा अर्थ "खबरदार बघाल तर" असा होतो, हे त्या घरात पहिल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. पण मुलगा नेमका त्याच दिवशी शब्दाला धरून बसला. "बरं झालं, तुमची हरकत नाही ते," म्हणाला आणि भाताकडे वळला.

त्या दुपारी साहेब आडवे झाले, पण डोळा लागेना. दोघं गेली तर घरात उरणार दोन माणसं आणि एक टीव्ही, आणि त्यातलं बोलणार फक्त टीव्ही. त्यांना ते नको होतं, अगदी मनापासून नको होतं. पण स्वतःच्या मुलापुढे "जाऊ नका रे" म्हणायचं, म्हणजे खिडकीच्या आतल्या माणसानं बाहेर येऊन रांगेत उभं राहायचं. त्यापेक्षा नेट दुरुस्त करणं सोपं, असं त्यांनी ठरवलं. माणूस मनातलं बोलायचं टाळण्यासाठी काय काय उद्योग करेल याचा नेम नाही. काही जण घर रंगवायला काढतात. साहेबांनी मोडेम काढला.

शेजारी एक निवृत्त कॅशियर राहायचे. त्यांना सगळ्यातलं सगळं कळायचं, आणि जे कळायचं नाही ते त्यांच्या मेव्हण्याच्या व्याह्यांना कळायचं. ते म्हणाले, "साहेब, प्रत्येक मोडेमच्या आत एक पान असतं. अ‍ॅडमिनचं पान. नेटच्या सगळ्या किल्ल्या त्या पानावर. आमच्या मेव्हण्याच्या व्याह्यांनी आत जाऊन एकच काहीतरी बदललं, आता त्यांच्या न्हाणीघरात सिनेमा दिसतो."

न्हाणीघरात सिनेमा बघायची साहेबांची इच्छा नव्हती, पण ताकद लक्षात आली. त्यांनी मोडेम खाली उतरवला, उपडा केला, बायकोला बॅटरी धरायला लावली आणि भिंगातून पोटावरचं लेबल वाचलं. पत्ता: एकशे ब्याण्णव टिंब एकशे अडुसष्ट टिंब एक टिंब एक. नाव: अ‍ॅडमिन. पासवर्ड: अ‍ॅडमिन. कुलूप, किल्ली आणि चोर या तिघांचं नाव एकच ठेवणाऱ्या कंपनीची साहेबांना कीव आली. पण खरी अडचण वेगळीच होती.

"नावाच्या जागी अ‍ॅडमिन लिहायचंय," ते म्हणाले, "आणि मी तर अ‍ॅडमिन नाही."

"अहो, लिहून टाका ना. कोण बघतंय?"

"दुसऱ्याच्या नावानं सही करू?" साहेबांनी बायकोकडे असं पाहिलं की तिनं बॅटरी विझवली. पूर्वी एका केशकर्तनालयवाल्यानं अर्जावर भावाच्या नावाची सही केली, तेव्हा साहेबांनी त्याच्या दुकानाला कुलूप ठोकलं होतं. कात्री, वस्तरे आणि अर्धी दाढी झालेलं एक गिऱ्हाईक बाहेर काढून. आणि आता त्याच साहेबांनी मोडेमपुढे तेच करायचं?

म्हणून त्यांनी कंपनीला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकल्यावर एक गोड आवाज आला. "नमस्कार सर, मी आपली काय मदत करू?"

"मला तुमच्या अ‍ॅडमिनशी बोलायचंय."

"सर, कुठले अ‍ॅडमिन?"

"आमच्या मोडेमचे. त्यांच्या परवानगीशिवाय मला आत जाता येत नाही."

पलीकडे कॉम्प्युटरची बटणं वाजली. मग ती बाई म्हणाली, "सर, तुमच्या मोडेमचे अ‍ॅडमिन तुम्हीच आहात."

साहेब उभे होते ते खुर्चीत बसले. "कधीपासून?"

"मोडेम बसवला तेव्हापासून, सर."

म्हणजे इतका काळ एक पद आपल्या नावावर होतं आणि आपण पदभारच घेतला नव्हता. मागच्या खोलीतली सगळी अंदाधुंदी का माजली, हे त्यांना त्या क्षणी कळलं. "हे लेखी मिळेल का?" त्यांनी विचारलं. थोड्या वेळानं मोबाइलवर संदेश आला, "आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे." नेमणुकीचा आदेश म्हणून मजकूर जरा तोकडा होता, पण खाजगी कंपन्यांकडून भाषेची अपेक्षा साहेबांनी कधीच केली नव्हती. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

आता प्रत्यक्ष प्रवेश. इथं कॅशियर पुन्हा मदतीला आले, आणि हे लक्षात ठेवावं की यापुढचं बरंचसं त्या मदतीमुळे झालं. ते म्हणाले, "विजेचं काम करताना आधी मेन स्विच बंद करतो ना आपण? मग मोडेमचं काम चालू मोडेमवर कसं करता येईल? आधी तो बंद करा आणि मग बाहेरच्या नेटवरून आत शिरा." तर्क इतका बिनतोड होता की साहेबांनी तिथल्या तिथं मोडेमचं बटण दाबलं आणि मोबाइलच्या नेटवरून पत्ता टाकला. पान उघडेना. मोबाइल मोडेमजवळ नेला, मोडेमवर ठेवला, मोडेम मोबाइलवर ठेवला. पान उघडेना.

मागच्या खोलीचं दार मात्र उघडलं. सूनबाई बाहेर आली. तिचा सहामाही आढावा चालला होता आणि वरिष्ठ तिची स्तुती करायला नुकतेच तोंड उघडत होते. ते तोंड आता तिच्या पडद्यावर अर्धं उघडं होतं. "परत गेलं," ती म्हणाली.

साहेबांनी मोडेम पाठीमागे लपवला. "कंपनीचंच काहीतरी असेल," ते म्हणाले. सासूनं आधण ठेवलं.

कॅशियरांचं पुढचं निदान असं की अ‍ॅडमिनचं पान मोठं असतं, ते मोबाइलच्या एवढ्याशा काचेत मावत नाही, त्याला पुरता कॉम्प्युटर लागतो. सूनबाईचा लॅपटॉप तिच्या ऑफिसच्या मालकीचा, त्याला हात लावणं नियमात बसत नव्हतं. तेव्हा साहेब दोन गल्ल्या ओलांडून झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानाच्या मागच्या भिंतीला ओळीनं कॉम्प्युटर मांडलेले होते. कुणी प्रवेशाचे अर्ज भरत होतं, कुणी फोटो छापून घेत होतं. दुकानाचा मालक साहेबांना चांगला ओळखायचा. बाहेरच्या पाटीच्या परवान्यासाठी साहेबांनी त्याला इतके हेलपाटे घालायला लावले होते, की त्या काळात त्याची चप्पल दोनदा शिवावी लागली होती. तरी त्यानं हसून खुर्ची पुढे केली. व्यापारी माणूस.

साहेबांनी पत्ता टाकला, एक टिंब राहिलं. पुन्हा टाकला, एक टिंब जास्त झालं. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की घरी मोडेम अजून बंदच आहे. त्यांनी बायकोला फोन लावला. "त्याचं बटण दाब."

"कशाचं?"

"मोडेमचं. आणि सूनबाईला काही बोलू नकोस." बोलता बोलता त्यांनी टिंबं नीट मोजून पत्ता तिसऱ्यांदा टाकला. तिकडे बायको म्हणाली, "दाबलं हो," आणि इकडे पडद्यावर पान उघडलं. नाव विचारत, पासवर्ड विचारत, अदबीनं.

यापेक्षा मोठा पुरावा कोर्टानंसुद्धा मागितला नसता.

साहेबांनी शर्टाची कॉलर सारखी केली आणि दोन्ही जागी आपला हुद्दा लिहिला, अ‍ॅडमिन. दार उघडलं. आत नेटच्या नावाच्या चौकटीत अक्षरं आणि आकड्यांची एक निरर्थक माळ होती. ती पुसून त्यांनी तिथं लिहिलं, "विनापरवाना प्रवेश नाही". एक जागा होती ताकदीची. ती त्यांनी मध्यमवरून पूर्णवर नेली. मग पासवर्ड, नेटचाही आणि पानाचाही. तिथं ते जरा थांबले. खिडकीबाहेर पाहिलं, चष्मा पुसला, आणि काहीतरी लिहिलं. दोन्हीकडे एकच. मग जतन करण्याचं बटण दाबलं.

दुकानातले सगळे पडदे एकदम थबकले. "नेट गेलं वाटतं," मालक म्हणाला.

"हल्लीच्या कंपन्यांचं हे असंच," साहेब उठत म्हणाले आणि विजयी मुद्रेनं घरी आले.

घरी फरक काही पडला नव्हता. मागच्या खोलीतून "माझा आवाज येतोय का?" चालूच होतं. साहेब डगमगले नाहीत. आदेश निघणं वेगळं आणि अंमलबजावणी वेगळी. वरून निघालेला कागद खालपर्यंत झिरपायला वेळ लागतो, हे त्यांच्याइतकं कोण जाणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरून येताना त्यांना झेरॉक्सच्या दुकानासमोर गर्दी दिसली. रांग पायऱ्यांवरून खाली रस्त्यावर आली होती. रांगेतली एक बाई सगळ्यांना सांगत होती की तिच्या मुलीच्या अर्जाची आज शेवटची तारीख आहे. मालक घामाघूम होऊन मोबाइल हवेत फिरवत होता.

"साहेब, बघा ना," तो म्हणाला. "माझं नेटच गायब झालंय. कालपासून हे एक कुणाचंतरी पडद्यावर बसलंय, ते उठायला तयार नाही."

साहेबांनी चष्मा सारखा करून पाहिलं. विनापरवाना प्रवेश नाही. आणि बाजूला सगळ्या रेघा भरलेल्या.

त्यांची छाती फुगली. दोन गल्ल्या, एक दवाखाना, एक शाळेची इमारत ओलांडून आपलं नेट इथवर आलं! मेव्हण्याच्या व्याह्यांचं न्हाणीघरापर्यंतच पोहोचलं होतं. "ते माझं आहे," ते सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले. "मीच पूर्ण ताकद ठेवलीय."

रांग वळून बघायला लागली. मालकाचा मोबाइल खाली आला. "तुमचं? मग माझं कुठं गेलं?"

"ते तुमच्या कंपनीला विचारा. तोवर तुम्हाला तात्पुरतं माझं वापरायचं असेल तर विचार करता येईल. तसा साधा अर्ज..."

मालकाच्या चेहऱ्यावर चपलांच्या दोन्ही शिवणी एकदम उसवल्यासारखं काहीतरी झालं. "साहेब, तुम्ही काल माझ्या कॉम्प्युटरवर नेमकं केलंत काय?"

साहेबांनी खात्री पटवायला सूनबाईला फोन लावला, मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आपल्या नेटचं नाव काय दिसतंय ते जरा यांना सांग."

"जुनंच आहे, बाबा. का?"

"जुनं? मी काल बदललंय ते. आत जाऊन."

"कुठून गेलात आत?"

"झेरॉक्सच्या दुकानातून."

फोनवर खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तिथंच थांबा, मी येते."

ती घरातल्या कपड्यांवर, पायात सासूच्या चपला घालून आली. तिनं आरडाओरडा केला असता तर साहेबांना बरं वाटलं असतं, मग त्यांनाही आवाज चढवता आला असता. पण तिनं हळूच सांगितलं, "बाबा, तो पत्ता म्हणजे 'आतली खोली' म्हणण्यासारखा आहे. आतली खोली प्रत्येक घरात असते. ज्या घरात उभं राहून म्हणाल, त्या घरातली. आपल्या घरात म्हटलं तर आपली. इथं म्हटलं तर यांची. आणि कंपनीची किल्लीही सगळीकडे तीच."

सगळ्यांचा पत्ता एकच. असला पत्ता साहेबांनी नोकरीत असताना कुठल्या अर्जावर चालवून घेतला नसता. पण आता ते बोलायची सोय नव्हती. त्यांचे कान तापले. रस्त्यावरून जाणारी माणसंसुद्धा थांबून रांगेत उभी राहत होती, कशाची रांग आहे हे न विचारता. आयुष्यभर आपण लोकांना बिनपरवाना शिरण्याबद्दल दंड केला आणि उतारवयात दुसऱ्याच्या दुकानात शिरून त्याच्याच नेटवर पाटी ठोकली. धरणीनं पोटात घेतलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

"पासवर्ड सांगा, बाबा," सूनबाई कॉम्प्युटरसमोर बसत म्हणाली. "मी सगळं पूर्ववत करते."

साहेब चष्मा पुसायला लागले.

"आठवत नाही का?"

"आठवतोय."

"मग?"

साहेबांनी रांगेकडे पाहिलं. सगळी रांग कान टवकारून उभी होती. अर्जवाली बाई तर दोन पायऱ्या वर चढून आली होती. "घरी जाऊन सांगतो," ते म्हणाले.

"साहेब," मालक हात जोडून म्हणाला, "आता तरी हेलपाटा नको."

साहेबांनी घसा खाकरला. खाली बघत, एखादा गुन्हा कबूल करावा तसे ते म्हणाले, "जाऊ नका."

सूनबाईची बोटं कळांवर तशीच राहिली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडेच बघत विचारलं, "जाऊ नका. सगळं जोडूनच लिहायचं ना?"

"जोडूनच."

दुकानातले सगळे पडदे एकेक करून जिवंत झाले. अर्जवाल्या बाईनं साहेबांना मागे सारून खुर्ची पकडली. दोघं घरी निघाली. साहेबांना मनातून लाज वाटत होती, आणि त्या लाजेखाली कुठंतरी बरंही वाटत होतं.

घरी आल्यावर सूनबाईनं मोडेम जागेवर ठेवला, साहेबांचा मोबाइल घरच्या नेटला जोडून दिला आणि म्हणाली, "आता टाका पत्ता." पान उघडलं, त्याच एवढ्याशा काचेत, मावून जागा उरली. कंपनीचा माणूस मोडेम बसवताना ताकद "कमी"वर ठेवून गेला होता. साहेबांनी ती पूर्णवर नेली. मागच्या खोलीतला आवाज त्या दिवसापासून सगळीकडे जायला लागला.

साहेबांना वाटलं, संपलं प्रकरण.

पण रविवारी मुलगा आणि सून जागा बघायला गेलेच. आधीच ठरलं होतं म्हणे. साहेब दिवसभर वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसले. नेट सुधारलं, चारचौघांत पासवर्डही बोलून झाला, आता आणखी काय करायचं माणसानं? विचारायला जीभ रेटत नव्हती. संध्याकाळी ती दोघं परत आली, तेव्हाही त्यांनी विचारलं नाही.

त्यात घराची कळाही बदलली. नेट जात नाही म्हटल्यावर सूनबाईच्या वरिष्ठांना तिची किंमत कळली आणि त्यांनी तिला प्रत्येक मीटिंगला बोलवायला सुरुवात केली. एक संपायच्या आत दुसरी. सकाळी तिच्यामागे दार बंद व्हायचं ते संध्याकाळी उघडायचं. जेवणाचं ताट आत जायचं आणि अर्धं बाहेर यायचं. "माझा आवाज येतोय का?" हे वाक्यसुद्धा घरातून गेलं. सासू चार वाजता सवयीनं आधण ठेवायची आणि दोनच कप भरायची.

एका दुपारी दार किंचित उघडलं. सूनबाई चोरपावलांनी बाहेर आली. डोळे लाल, कानावर यंत्राचे वळ. ती साहेबांच्या खुर्चीशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "बाबा, त्या पानावर नेट घालवायचं बटण आहे ना?"

"आहे. का?"

"घालवा ना जरा. मी घालवलं तर मलाच खोटं बोलावं लागेल. तुम्ही घालवलंत तर ते नुसतं जाईल."

साहेबांनी कारण विचारलं नाही. मोबाइल काढला, पान उघडलं, हुद्दा लिहिला आणि बटण दाबलं. मागच्या खोलीत कुणीतरी वाक्याच्या मधोमध गप्प झालं. सूनबाई सोफ्यावर कितीतरी दिवसांनी बसल्यासारखी बसली. सासूनं तिसरा कप काढला.

चहाचा पहिला घोट घेऊन ती म्हणाली, "ती जागा नको म्हणून आम्ही कळवलं."

साहेबांनी कप जपून खाली ठेवला. "का? लांब पडते?"

"नाही. जागा चांगलीय. पण तिथला मालक म्हणाला, आमच्याकडे नेट एकदाही गेलेलं नाही." ती कपाकडे बघत राहिली. "हे ऐकून मला घामच फुटला, बाबा."

साहेबांना काहीतरी बोलायचं होतं, पण तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन वाजायला लागला. पडद्यावर वरिष्ठांचं नाव. सूनबाई दचकून उठायला लागली. साहेबांनी तिला हातानं बसवलं आणि फोन उचलला.

"कोण पाहिजे? त्या? हो, नेट गेलंय." त्यांचा आवाज बघता बघता भरदार झाला. "नाही, ते माझ्या हातात नाही. ते अ‍ॅडमिनच्या अखत्यारीत येतं. अ‍ॅडमिन जागेवर नाहीत. कधी येतील ते सांगता येत नाही. नाही, आज नाहीच. उद्या चौकशी करा."

आणि फोन उपडा ठेवून त्यांनी बायकोला आणखी एक कप मागितला.